सात नंबरचा आवाज

"ही टेप आहे," मी आप्पा कोऱ्यांच्या कानाशी लागून म्हटलं.

"अक्का, गप बसा की जरा. ऐकू द्या," आप्पा डोळे मिटूनच म्हणाले. डोळ्यांच्या कडेला पाणी आलं होतं त्यांच्या.

"रडताय काय? तुम्ही साउंडवाले ना? जिवंत माणूस इतका हुबेहूब बोलेल होय?"

आम्ही दोघं परीक्षक. पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून बसलो होतो, कारण आमच्या स्पर्धेचा नियमच तसा होता. पडद्यामागे सात नंबरची चिठ्ठी घेतलेला माणूस बोलत होता आणि हॉलमधली दोनशे माणसं जागची हलत नव्हती. अण्णा तारकर जाऊन आठ वर्षं झाली होती. तरी त्या रविवारी सकाळी साडेअकरा वाजता, सांगलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये अण्णा तारकर बोलत होते.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. आज मी चौऱ्याऐंशीची आहे. गुडघे गेलेत, पण कान अजून शाबूत आहेत. मी रत्नमाला मगदूम, टेलिफोन एक्स्चेंजची ऑपरेटर. तेव्हा माझी एकतीस वर्षं नोकरी झाली होती, सगळी परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर. एकतीस वर्षं लोकांचे आवाज ऐकून माझा स्वभाव संशयी झाला, त्याला मी काय करू? माणूस खोटं बोलायला लागला की "हॅलो" म्हणतानाच मला कळायचं. निदान मला तसं वाटायचं.

अण्णा तारकर नाटकातले. उंची बेताची, नाक बसकं, चालताना एक पाय किंचित ओढायचे. पण आवाज! जाड, जरासा घोगरा, आणि वाक्याच्या शेवटी असा खाली उतरायचा की वाटावं, माणूस आपल्या शेजारी येऊन बसला. 'खोत परत आले' नावाच्या नाटकात म्हातारा खोत वीस वर्षांनी घरी येतो आणि त्याची मुलगी दार उघडत नाही. बंद दारापुढं उभा राहून खोत सहा मिनिटं बोलतो, नाटकभरात त्याचं बोलणं तेवढंच. आधी हे बोलणं अण्णा लोकांकडे तोंड करून म्हणायचे. त्र्याऐंशी साली आमच्या सांगलीच्या प्रयोगात त्यांनी पहिल्यांदा लोकांकडे पाठ केली आणि सगळं बोलणं दाराकडे बघत म्हटलं. तोंड दिसत नाही, नुसती पाठ आणि तो आवाज. मध्ये एकदाच उजवा हात वर उचलतात. मी नवव्या रांगेत होते. माझ्या पुढच्या रांगेतला धिप्पाड गडी टोपीत तोंड घालून रडत होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, पाठीनं अभिनय करावा तर तारकरांनी.

त्या प्रयोगाचं साउंड आप्पा कोऱ्यांचं होतं. त्यांनी खोताचं बोलणं टेप केलं आणि त्या कॅसेटच्या कॉप्या सांगली-मिरजेत घरोघरी गेल्या. माझे यजमान शहाऐंशीत गेले. मूलबाळ नाही. मी ड्यूटीवरून यायची, सूर्य मावळायच्या आत दोन घास खाऊन घ्यायची आणि कॅसेट लावायची. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. उगीच वाढवून सांगत नाही, त्या आवाजानं मला तेव्हा धरून ठेवलं.

अण्णा गेल्यावर आम्ही चार वेडी माणसं जमून 'तारकर स्नेही मंडळ' काढलं. दर पुण्यतिथीला स्पर्धा. दोन लाकडी खांबांना दोरी बांधून पडदा टांगायचा, मागं माईक ठेवायचा आणि ज्यानं त्यानं खोताचं बोलणं अण्णांच्या आवाजात म्हणायचं. नाव कुणाचं विचारायचं नाही, फक्त नंबर. तोंड बघून मार्क द्यायला नकोत म्हणून. नाव सांगायचं ते निकाल लागल्यावर, तेही जिंकणाऱ्यानं. मंडळात वकील होते, दोन मास्तर होते, पण परीक्षकाची एक खुर्ची पहिल्यापासून माझी. त्याला कारण होतं.

ते कारण मी दरवर्षी स्टेजवरून सांगायची. त्र्याऐंशीतल्या त्या प्रयोगाच्याच दिवशी दुपारी बोर्डावर एका लॉजवरून फोन आला. मुंबईला अर्जंट कॉल पाहिजे म्हणाला. नाव विचारलं तर म्हणाला, अनंत तारकर, म्हणजे अण्णांचंच पूर्ण नाव. आणि आवाज कसा? फाटक्या पिपाणीसारखा! मी म्हटलं, "ओ मिस्टर, अण्णा तारकरांचा आवाज मला पाठ आहे. थट्टा करायला दुसरी जागा बघा." आणि लाइन कट केली. भामट्यानं परत लावला, मी परत कट केली. हे सांगितलं की हॉल टाळ्या वाजवायचा आणि आप्पा माईकवर म्हणायचे, "अक्कांच्या कानाला तोड नाही." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आदल्या वर्षी मात्र घोटाळा झाला होता. मिरजेच्या एका घड्याळवाल्यानं कोटात छोटा टेपरेकॉर्डर लपवून आमचीच कॅसेट आम्हाला ऐकवली आणि ढाल घेऊन गेला. महिनाभरानं उघडकीला आलं. माझं तोंड पोळलं होतं. आणि ह्या वर्षी तर कुमुदवहिनी येणार होत्या. अण्णांच्या पत्नी. आठ वर्षं बोलावत होतो, पहिल्यांदाच मुंबईहून आल्या. ढाल त्यांच्या हस्ते द्यायची होती. त्या माउलीच्या समोर तिच्या नवऱ्याचा आवाज कुणी चोरून वाजवला असता तर मी मंडळाला काय तोंड दाखवणार होते? म्हणून मी सकाळी नऊपासून नावनोंदणीच्या टेबलापाशी ठाण मांडून बसले होते.

हा सात नंबर मला तिथंच खटकला. साठीपुढचा, पांढरा शर्ट, गळ्याला ऐन उन्हाळ्यात मफलर आणि छातीशी धरलेली कापडी पिशवी.

"नाव सांगावं लागतं का?" त्यानं विचारलं. तेही ओठातल्या ओठात, जेमतेम ऐकू येईल असं.

"आत्ता नाही. जिंकलात तर."

"मग जिंकायला नको," तो म्हणाला.

मी वर बघितलं. स्पर्धेला येऊन जिंकायला नको म्हणणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघत होते.

"कुठनं आलात?"

"खाली कोकणातनं."

"एवढ्या लांबनं? काय करता?"

"वाचायचं काम होतं. आता रिटायर."

"वाचायचं काम? म्हणजे कोर्टात?"

तो नुसता हसला. मी म्हटलं, "पिशवी इथं ठेवा टेबलावर. नियम आहे." नियम बियम काही नव्हता, मी तिथल्या तिथं केला.

"पिशवी राहू दे बाई माझ्याजवळ," तो म्हणाला आणि ती आणखी घट्ट धरली. "दीडला माझी गाडी आहे. तेवढं लवकर झालं तर बरं."

पिशवी देत नाही, नाव देत नाही, बोलत नाही आणि पळायची घाई. आणखी काय पाहिजे होतं मला? मी आप्पांना सांगितलं, सातवर लक्ष ठेवा. आप्पा म्हणाले, "अक्का, तुम्ही उद्या माझ्या आईवर पण संशय घ्याल."

आणि आता तो बोलत होता. पहिल्या सहाजणांनी आपापल्या परीनं घसे खरवडले होते. पण हा सुरू झाला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नऊ वर्षांपूर्वीचा तो प्रयोग, तोच आवाज, तोच उतार.

"दार उघड बाई. मी काही मागायला आलेलो नाही. ह्या दाराच्या बिजागऱ्या मी ठोकल्या. कडी मी बसवली. ती आतनं लागते की बाहेरनं, हे मला कुणी शिकवू नये..."

समोर सगळी माणसं डोळे पुसत होती. पहिल्या रांगेत कुमुदवहिनी तेवढ्या कोरड्या. पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर जुळवून बसलेल्या. मला आवडलं नाही ते. म्हटलं, बाईला काही वाटतं की नाही?

"...तुला वाटतं बाप पळून गेला. पळाला असता तर परत कशाला आला असता?"

आणि टक, टक.

लाकडावर काहीतरी वाजल्यासारखं. अगदी हळू. मग आवाज पुढं म्हणाला, "हा हात बघ."

मी ताडकन उठले. ती टकटक माझ्या कॅसेटमध्ये होती! ह्याच जागी, "हा हात बघ"च्या आधी, दोनदा. मी हजार वेळा ऐकली होती. मला वाटायचं, सेटवरची कुठली फळी हलली असेल. नक्कल करणारे खोताचा आवाज करतात, ठसका करतात, उसासा करतात. फळीची टकटक कोण करेल? ती फक्त टेपवरच असणार.

"थांबवा!" मी ओरडले. "टेप आहे ही! परत तोच प्रकार!" आणि कुणी अडवायच्या आत जाऊन मी पडदा खसकन ओढला.

तो माणूस एकटा उभा होता. पिशवी पायाशी. एक हात खांबावर, बोटात चांदीची अंगठी. तोंड अर्धवट उघडं राहिलेलं.

हॉलमध्ये गलका झाला. "पिशवी उघडा!" "चोर लेकाचा!" "मिरजेचाच असणार!" आप्पा धावत आले, माईकची वायर चाचपली, खुर्चीखाली बघितलं. काही नव्हतं.

"पिशवीत आहे," मी म्हटलं. "दाखवा."

तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो पहिल्या रांगेकडे बघत होता. कुमुदवहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, संतापानं. त्यानं त्यांच्याकडे बघून हळूच मान हलवली, नाही नाही अशी, पिशवी उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

"पळाला बघा!" मी म्हटलं आणि पदर खोचून त्याच्या मागं निघाले.

शाळेच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी होती. तिथं नळाखाली तो तोंड धूत होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"आता काढा टेप."

त्यानं मफलरनं तोंड पुसलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. "बघा. पण ते बाड जपून. पानं सुटी झालीत."

पिशवीत एक पंचा, चपात्यांचा डबा आणि मेणकापडात गुंडाळलेलं हातानं लिहिलेलं बाड. टेप नाही. बाडावर लिहिलं होतं, 'खोत परत आले'. मी उभ्या उभ्या पानं उलटली. खोताच्या त्या बोलण्याचं पान सापडलं. "हा हात बघ"च्या आधी पेन्सिलीनं दोन बारीक उभ्या रेघा होत्या.

"ह्या कसल्या?"

त्यानं अंगठीनं टाकीच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं.

"ही टकटक कॅसेटवर आहे," मी म्हटलं.

"असणारच. माईक माझ्यासमोरच होता."

"तुम्ही कोण?"

"जनार्दन नेरूरकर. कंपनीचा प्रॉम्प्टर. बावीस वर्षं विंगेत बसून अण्णांना वाक्यं पुरवली. वाचायचं काम, म्हटलं नव्हतं का मी?"

आता तो मोकळ्या गळ्यानं बोलत होता आणि भरदुपारी टाकीपाशी अण्णा तारकर माझ्याशी बोलत होते. पण डोकं चालू होतं. संशयी माणसाचं डोकं बंद कुठं पडतं?

"थांबा. अण्णा स्टेजवर दाराशी उभे होते. मग माईक विंगेत तुमच्यासमोर कशाला?"

नेरूरकरांनी जीभ चावली. बोलून बसलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं.

"आणि त्या दिवशी पाठ केली ती..." मी म्हटलं. "तोंड दिसू नये म्हणून? बोलत तुम्ही होता?"

"बाई, हळू."

"ती टकटक?"

"हात वाक्याच्या आधी उठायला लागतो. मागनं उठला की लोकांना कळतं. म्हणून खूण ठरवली होती. माईक आम्ही पडदा उघडायच्या आधी गुपचूप विंगेत ओढून घेतला होता, साउंडवाल्यालासुद्धा पत्ता नव्हता." त्यांनी माझ्या हातातून बाड घेतलं, परत मेणकापडात गुंडाळलं. "हे कुणाला सांगू नका. अण्णांना शब्द दिलाय मी. वहिनींनासुद्धा माहीत नाही. त्या आल्यात हे मला ठाऊक असतं तर मी स्टँडवरनंच परत गेलो असतो."

"पण आवाज? इतका कसा?"

"तालमीला अण्णा नसले की त्यांची वाक्यं मीच म्हणायचो. बावीस वर्षं. म्हणता म्हणता तसाच झाला. घरी मीठ मागितलं तरी खोत मीठ मागायचा. बायको हसायची. मग मी घरी बोलणंच कमी केलं."

"मग आज कशाला आलात?"

त्यांनी बाड परत पिशवीत ठेवलं.

"टाळीसाठी," मग म्हणाले. "खोटं कशाला सांगू? विंगेत टाळी रोज ऐकू यायची, पण ती आपली नसते. तुमच्या स्पर्धेचं पेपरात वाचलं. नाव विचारत नाहीत, नुसता नंबर. म्हटलं, सात नंबर म्हणून एकदा पूर्ण म्हणावं, टाळी घ्यावी आणि दीडच्या गाडीनं जावं. अण्णांचा शब्दही मोडत नाही."

आणि मी ती अर्ध्यावर तोडली होती.

"हे सगळं केलं कशाला पण?" मी विचारलं. "अण्णांना काय झालं होतं?"

"घसा. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं बंद करा, लवकर ऑपरेशन करून घ्या. सांगलीला आलो त्या सकाळी आवाज पार फाटला. अण्णा म्हणाले, जना, बस झालं, प्रयोग रद्द. आज मुंबईला जाऊन दाखल होतो. वहिनींना कळवायला लॉजवरनं ट्रंक कॉल लावला."

मी एक पाऊल पुढं सरकले.

"किती वाजता?"

"दोनच्या सुमाराला. मी शेजारीच उभा होतो. ऑपरेटर बाईनं नाव विचारलं, ह्यांनी सांगितलं. तर ती म्हणाली, तारकरांचा आवाज मला पाठ आहे, थट्टा दुसरीकडे करा. आणि लाइन तोडली. परत लावला, परत तोडली." नेरूरकर जरा हसले. "अण्णा पण हसले. म्हणजे नुसते खांदे हलले. मला म्हणाले, 'जना, सांगलीला तारकर नकोय रे. तो आवाज हवाय. आणि तो तुझ्याकडे आहे. आज तू बोल.'"

"तुम्ही नाही म्हणायचं!"

"म्हटलं की. पाया पडलो. पण त्यांच्या ते डोक्यात बसलं. एका प्रयोगापुरतं म्हणून केलं आणि लोक वेडे झाले. पाठीचं कौतुक छापून आलं. मग मालक सोडेनात आणि अण्णाही सुटेनात. आणखी अकरा प्रयोग झाले. ऑपरेशन चार महिने लांबलं. नंतर डॉक्टर म्हणाले, उशीर केलात."

दरवर्षी स्टेजवरून मी हे सांगत होते. लोक टाळ्या वाजवत होते. फाटक्या पिपाणीसारखा आवाज, म्हणत होते मी.

"वाईट नसणार ती बाई," नेरूरकर म्हणाले. "जीव असेल तिचा अण्णांवर, म्हणूनच फसली."

"मीच ती," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नळ टपटपत होता, तो त्यांनी वाकून बंद केला.

"म्हणजे बाई," ते म्हणाले, "आज तुम्ही परत लाइन तोडलीत."

त्यात राग असता तर मी सोसला असता. राग नव्हता. मला रडू फुटलं, तिथंच, शाळेच्या टाकीपाशी. नवरा गेला तेव्हासुद्धा मी चारचौघांत रडले नव्हते. मग मी नाक पुसलं, त्यांची पिशवी उचलली आणि म्हटलं, "चला."

"कुठं?"

"राहिलेलं पुरं करायला. गाडी चुकली तर पुढच्या गाडीनं जावा."

"वहिनी आहेत तिथं. मला बघितलंय त्यांनी."

"पडद्यामागं कुणी बघत नाही. नाव कुणी विचारलं तर माझ्याशी गाठ आहे."

हॉलमध्ये अजून गोंधळ होता. मी नेरूरकरांना मागच्या दारानं आत घेतलं, पडदा ओढून लावला आणि पुढं येऊन आप्पांच्या हातातला माईक घेतला.

"टेप नव्हती," मी म्हटलं. "मी स्वतः पिशवी तपासली. चूक माझी. सात नंबरची मी तुमच्या सगळ्यांसमोर माफी मागते."

"असं कसं अक्का?" मागनं कुणीतरी म्हणालं. "तुमचा कान..."

"माझ्या कानाचं नाव काढू नका. आणि ते लॉजवरच्या भामट्याचं सांगते ना मी दरवर्षी? ते आजपासून बंद. आता गप बसा सगळे. सात नंबर, चालू करा."

मी खुर्चीवर बसले, पडद्याकडे पाठ करून. टक, टक. मग तो आवाज म्हणाला, "हा हात बघ. ह्या हातानं तुला पहिल्यांदा उचललं, तेव्हा तू माझं बोट धरून ठेवलंस. सोडेनाशी झालीस. आज मी बाहेर उभा आहे आणि बोट तेच आहे."

मी तोच आवाज ऐकत होते, पण पहिल्यांदाच मला त्यात अण्णा दिसत नव्हते. विंगेत स्टुलावर बसलेला, मांडीवर बाड घेतलेला एक माणूस दिसत होता. आणि दाराकडे तोंड करून उभे असलेले अण्णा दिसत होते, आवाज गेलेले, दोन टकटकींची वाट बघणारे.

बोलणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या. लोक उठून उभे राहिले. आप्पा मार्कांचा कागद खाली टाकून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. मी मागं वळले नाही, पण पडद्याआडून कुणीतरी जोरात नाक शिंकरल्याचं ऐकलं.

टाळ्या चालू असतानाच कुमुदवहिनी उठून माझ्याजवळ आल्या. वाकून म्हणाल्या, "नेरूरकर आहेत ना अजून आत?"

मी गडबडले. "तुम्हाला... म्हणजे त्यांना वाटतंय, तुम्हाला माहीत नाही."

"बेचाळीस वर्षं संसार केला. नवऱ्याचा आवाज मला कळणार नाही होय? तुमच्या मंडळानं ती कॅसेट पाठवली, लावली, आणि पहिल्या वाक्याला कळलं की हे आमचे नव्हेत. म्हटलं, लोकांना वाटतंय ना ह्यांचा, वाटू दे."

म्हणून त्यांचे डोळे कोरडे होते. आणि मी त्यांच्यावरही संशय घेऊन बसले होते.

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण बसवेना.

"वहिनी, त्या दिवशी दुपारी अण्णांनी तुम्हाला फोन लावला होता. प्रयोग रद्द करून घरी येतो म्हणून सांगायला. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. लाइन मी तोडली."

त्यांनी खुर्चीची पाठ धरली. टाळ्या हळूहळू थांबत होत्या.

"तुम्ही होय त्या?" वहिनी म्हणाल्या. "ऑपरेशननंतर हे पाटीवर लिहून बोलायचे. एकदा लिहिलं, सांगलीच्या ऑपरेटर बाईला माझा आवाज माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. लिहायचे आणि हसायचे. आल्यागेल्याला ती पाटी दाखवायचे." मग म्हणाल्या, "मी नाही हसले कधी."

माझी मान खाली गेली. झालं गेलं विसरा, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तरी मला ते खरं वाटलं नसतं.

"मला आत न्या," एवढंच म्हणाल्या.

मी पडद्याची कड उचलली. वहिनी वाकून आत गेल्या. मी पडदा सोडला आणि त्याची कड खांबाशी मुठीत घट्ट धरून उभी राहिले, वाऱ्यानंसुद्धा उघडू नये म्हणून. आत आधी वहिनींचा आवाज आला, मग नेरूरकरांचा, मग दोघांचा एकदम. एकतीस वर्षं मी लोकांच्या लाइनीवर कान ठेवला होता. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं दुकान बसलं, सगळं मला आधी कळायचं. त्या दिवशी मी पदर कानावरून ओढून घेतला आणि मान दुसरीकडे केली.

आप्पा ढाल काखेत मारून आले. "अक्का, सात नंबरचं नाव काय लिहायचं? आणि आत कोण गेलंय? काय चाललंय?" म्हणत त्यांनी पडद्याला हात घातला.

मी त्यांचा हात धरून बाजूला केला.

"नाव लिहायचं नाही. नऊ वर्षांपूर्वीचा एक ट्रंक कॉल आज लागलाय," मी म्हटलं. "संपेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही."